पूजलेलं पाणी

मित्रांनो, माझ्या पोटातलं पाणी आज शांत दिसतं खरं, पण ते दिवस आठवले की त्यावर अजून शहारा उठतो.

मी एक जुनी पितळी परात आहे. कुंभकोणमच्या भांडीवाल्यांच्या आळीत माझा जन्म झाला. माझ्याबरोबर घडलेल्या समया देवळात गेल्या, घंटा गोपुराखाली टांगल्या, कॉफीचे पेले हॉटेलांत जाऊन दिवसभर खणखणू लागले. मला मात्र कावेरीकाठच्या एका कॅन्सरच्या इस्पितळाने मागवून घेतलं. त्यांचं परदेशी पात्र गळू लागलं होतं. कारागिराने मला उंच काठ दिला, तळाखाली विजेच्या तारेला जागा ठेवली आणि शेवटी माझ्या पोटाला काळा रंग फासला. मी मनात फार रडले. भावंडं लखलखीत, आणि मी आतून डांबरासारखी!

पण त्या काळेपणातच माझं काम होतं. इस्पितळात रोग्याच्या गाठीचा बारीकसा तुकडा येतो. तो मेणात बसवून त्याची वडी करतात. यंत्रावर त्या वडीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप निघतात, एकाला एक चिकटून त्यांची फीत होते. ती फीत माझ्या कोमट पाण्यावर अलगद सोडायची. उबेने तिच्या सुरकुत्या जातात. मग खालून काचपट्टी घालून ती उचलायची, रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. पांढरी फीत काळ्या पोटावर कशी स्वच्छ दिसते! "आमचा पेरुमाळ, देवळातला विष्णूसुद्धा काळाच आहे ना?" असं मरुदमुत्तू मला पुसताना म्हणायचा.

मरुदमुत्तू आमच्या खोलीतला तंत्रज्ञ. हात मोठा हलका. हरिकथेचं तर त्याला वेडच. देवळात कीर्तनकार भागवतर उभे राहिले, चिपळ्या वाजल्या, की याचे पाय आपोआप तिकडे वळत. दुसऱ्या दिवशी वड्या कापता कापता सगळं आख्यान गुणगुणत तो मला ऐकवायचा. मी कधी देवळात गेले नाही, पण कथा मात्र पुष्कळ ऐकल्या.

आमच्या खोलीचे दोन नियम होते. रोज सकाळी माझ्यात नवं पाणी भरायचं. आणि एका रोग्याची फीत उचलली की दुसऱ्याची सोडण्याआधी पाण्यावरून कागद फिरवायचा, म्हणजे सुटलेले कण त्याला चिकटून निघून जातात. नियम साधे होते. साध्या नियमांचं असंच असतं, ते मोडल्याचा आवाज होत नाही.

नवरात्र आलं. आमच्याकडे नवमीला आयुधपूजा. इस्पितळातली सगळी यंत्रं पुसून त्यांना चंदन-कुंकू लावतात, फाटकावर कोहळा फोडतात, चुरमुरे, चणे आणि गूळ वाटतात. एकदा चंदन लागलं की यंत्राला कुणी हात लावायचा नाही. त्याला विश्रांती. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पुन्हा पूजा करूनच काम सुरू करायचं. त्या दिवशी सुरू केलेलं काम फळतं म्हणतात.

फुलं आणायची ती अंजलै. फाटकाशी पिंपळाखाली बसून ती मोगऱ्याचे गजरे गुंफायची. बोटं इतकी चलाख, की बोलता बोलता हातभर हार तयार. आणि जीभ बोटांहून चलाख.

"मुत्तण्णा, त्या काळ्या परातीला कसला हार? नजर लागायची भीती तरी आहे का तिला?"

"ती काळी आहे म्हणून तुझ्या इस्पितळाला डोळे आहेत," मरुदमुत्तू म्हणाला. "आण तो झेंडूचा मोठा हार."

हार देताना ती जरा थांबली. मग पदर सारखा करत हळूच म्हणाली, "माझा पण तुकडा आलाय म्हणे तुमच्याकडे. छातीत गाठ आहे. डॉक्टरीणबाईंनी सुई घालून काढला."

मरुदमुत्तूचा हसरा चेहरा उतरला. पण लगेच तो म्हणाला, "मग ऐक. उद्या विजयादशमी. उद्याची पहिली वडी तुझी. शुभ मुहूर्तावर तुझं काम!"

केवढ्या मायेने बोलला तो! आज ते शब्द आठवले की माझं पितळ गार पडतं.

त्या दुपारी शेवटची वडी दुसऱ्याच एका बाईची होती. तिचा कॅन्सर आधीच कळलेला, उपचारही चालू झालेले. तिची फीत मरुदमुत्तूने उचलली, आणि तेवढ्यात बाहेरून परिचारिका ओरडल्या, "अण्णा, या की! कापूर विझतोय!" तो धावला. कागद फिरवायचा राहिला. फितीचा एक कोपरा तुटून माझ्या काठाशी तरंगत होता, टिकलीहून लहान.

पूजेला आमच्या मोठ्या डॉक्टर कोदैअम्मा आल्या. तपासणीची अखेरची सही त्यांची. त्यांनी माझ्या काठावर चंदनाचे ठिपके दिले, पाण्यात मोगऱ्याची फुलं सोडली. मरुदमुत्तू पाणी ओतायला पुढे झाला तशा त्या म्हणाल्या, "अरे, पूजलेलं पाणी लगेच मोरीत ओततात का? राहू दे उद्यापर्यंत. कुणी हात लावणार नाही, मग घाण कुठून होणार?"

त्यालाही ते पटलं. मलाही पटलं, मित्रांनो! पहिल्यांदाच कुणी मला देव्हाऱ्यातल्या कलशाचा मान दिला होता.

सकाळी पुन्हा पूजा झाली. त्याने फुलं उचलून केळीच्या पानावर ठेवली, तार तापवली आणि त्याच पाण्यावर अंजलैची फीत सोडली. फुलांखालून सुटलेला तो कण पाण्याबरोबर वळला, फितीच्या कडेला लागला आणि काचेवर चढला. इतका हलका होता तो, की मला कळलंसुद्धा नाही.

अहवाल निघाला तो कॅन्सरचा.

शुक्रवारी अंजलै खोलीतल्या तसबिरीला गजरा घालायला आली, नेहमीसारखीच. दारातूनच म्हणाली, "मुत्तण्णा, तुझा मुहूर्त चांगलाच लाभला की रे मला!"

त्याने बाहीने डोळे पुसले.

"रडतोस काय? सोमवारी कापणार आहेत. एक छाती जाईल. फुलं गुंफायला बोटं लागतात, छाती नाही." ती हसली, पण गजरा घालताना तिचा हात तसबिरीपर्यंत पोहोचेना. "एकच वाईट वाटतं. माझी लेक पोन्नी अजून छातीवर डोकं ठेवल्याशिवाय झोपत नाही. आतापासून तिला वेगळं निजवते. रडते, पण मोडायला हवी ना सवय."

ती गेली. मरुदमुत्तू माझा काठ धरून उभा राहिला.

शनिवारी सकाळी वरच्या मजल्यावरची तेनमोळी खाली आली. ती संशोधक. काचेच्या उंच नळ्यांत ती हिरवं सूक्ष्म शेवाळ वाढवते. त्या शेवाळातून तेल काढून इस्पितळाचं जनित्र चालवायचं, असं तिचं स्वप्न. मरुदमुत्तू तिला नेहमी चिडवायचा, "अम्मा, माझी स्कूटर तुमच्या शेवाळावर कधी पळणार?" आणि ती म्हणायची, "आधी माझी पणती तरी पेटू दे, अण्णा."

त्या दिवशी मात्र तिला थट्टा सुचत नव्हती. हातात बाटली, तोंड पांढरं. "कोदैअम्मा, तुमच्या सूक्ष्मदर्शकाखाली जरा बघू द्या." तिने थेंब काचेवर ठेवला, डोळा लावला आणि किंचाळलीच. "बघा, बघा! माझं शेवाळ गोल असतं. ही चंद्रकोरीसारखी कोण? ही शेजारच्या नळीतली! कुणीतरी एकाच ड्रॉपरने दोन्हीकडचं पाणी घेतलं. गेलं! सगळ्या वाढीचा सत्यानाश. मी आठवडे न् आठवडे जे मोजत होते ते माझं नव्हतंच!"

"एका थेंबाने एवढं?" मरुदमुत्तूने विचारलं.

"एक थेंबही फार झाला, अण्णा. पाण्याला कुठे ठाऊक असतं कोण कुणाचं!"

कोदैअम्मांच्या हातातला कॉफीचा पेला मध्येच थांबला. कॉफी बशीत सांडली. त्या हळूच म्हणाल्या, "मुत्तू... अंजलैची काच काढ."

काच आली. त्या वाकल्या. बऱ्याच वेळाने मान वर न करताच म्हणाल्या, "हा कॅन्सरचा तुकडा बाकीच्यांपासून जरा अलग पडलाय. मी पाहिलं होतं हे. पाहिलं, आणि पुढे गेले." मग एकदम वळून त्यांनी विचारलं, "विजयादशमीला पाणी नवं होतं?"

मरुदमुत्तूने माझ्याकडे नजर वळवली. कोदैअम्मांनीही पाहिलं. राहू दे उद्यापर्यंत, हे शब्द त्यांचेच होते.

मित्रांनो, त्या क्षणी माझं पाणी गोठलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या पोटात? चंदन लावलेल्या, फुलं वाहिलेल्या माझ्या पोटात एकीचा रोग दुसरीच्या नावावर चढला?

त्याने मला उपडी केली, घासली, नवं पाणी भरलं. अंजलैची वडी पुन्हा यंत्रावर चढली. नवे काप, नवी काच. पहिली फीत घाईत विरूनच गेली. दुसरी लागली. कोदैअम्मांनी पाहिलं. कॅन्सर नव्हता. होती ती साधी गाठ.

"देवा रे!" मरुदमुत्तूने भिंतीला डोकं टेकवलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "अजून खरं काय ते ठरलं नाही. कदाचित रोगाचा भाग पहिल्याच कापांत आला असेल आणि वडीत आता तो उरला नसेल. अंदाजावर मी तिला कॅन्सरही देणार नाही आणि काढूनही घेणार नाही."

त्यांनी शल्यवैद्यांना फोन करून सोमवारची शस्त्रक्रिया थांबवली. अंजलैला बोलावून म्हणाल्या, "तपासणीत शंका आहे. आमचीच चूक असावी. पक्कं कळलं की सांगते." अंजलैने एकदा दोघांकडे पाहिलं आणि ती निघून गेली.

माणसाच्या पेशीपेशीत त्याची स्वतःची खूण, डीएनए, असते म्हणे. पूर्वी ती वाचायला फार मोठा तुकडा लागे. आता काचेवरचा कणभर तुकडा खरवडूनही ती वाचता येते. तो कण, अंजलैची वडी आणि नवमीच्या त्या दुसऱ्या बाईची वडी, तिन्ही चेन्नईला गेली. तोवर आमच्या खोलीत कुणी हसलं नाही. मरुदमुत्तूच्या ओठांवर कथा आली नाही.

उत्तर आलं. कण अंजलैचा नव्हताच. तो नवमीच्या दुपारच्या त्या दुसऱ्या बाईचा होता.

अंजलै आली. कोदैअम्मांनी तिला खुर्ची दिली, पण ती खाली फरशीवरच बसली. त्यांनी सगळं सांगितलं, पाण्यापासून फुलांपर्यंत. काही झाकलं नाही.

मला वाटलं, ती आनंदाने रडेल. ती नुसती बघत राहिली. जणू घर जळल्याची बातमी ऐकावी आणि वळून पाहावं तर घर जागेवरच असावं.

"म्हणजे मला काहीच नाही?"

"कॅन्सर नाही. साधी गाठ आहे."

"आणि कापलं असतं?"

"हो. छाती गेली असती," कोदैअम्मा म्हणाल्या.

मग अंजलै उसळली. "माझीच फुलं होती ती! माझ्याच फुलांखाली लपून बसलं होतं! एवढे दिवस पोरीला दूर ढकललं मी. काल रात्री मी जवळ घेतलं तर म्हणते, नको अम्मा, मी तिकडेच झोपते. ती सवय आता कोण लावणार परत? तुमचं चेन्नई लावणार?"

मरुदमुत्तू पुढे आला, दोन्ही हात जोडून. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"हात जोडू नकोस," ती म्हणाली. "त्या दिवशीही जोडलेच होतेस. जा, आधी ते भांडं घास."

तो चपापला. नवरात्रात भागवतर गात होते तेच हे. त्यानेच तर मला ऐकवलं होतं: आधी ओला हात, मग जोडलेला. कोरडे जोडलेले हात देवाला ओळखू येत नाहीत. भागवतरांनी चिपळ्यांवर सांगितलेलं कानावरून गेलं, ते फुलवालीने फरशीवर बसून सांगितलं तेव्हा मनात उतरलं. तो मोरीपाशी बसला आणि तिच्यासमोर मला घासत राहिला.

कोदैअम्मांनी ही चूक दडपली नाही. दुसऱ्या इस्पितळांतल्या लोकांना बोलावून, मला पुढ्यात ठेवून सांगितली. ऐकणाऱ्यांतले काहीजण घाम पुसत होते. आपल्याही परातींची आठवण झाली असावी.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. पोटाचा रंग जागोजाग उडाला, तो मरुदमुत्तूने दोनदा नव्याने चढवला. ज्याच्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, मग ती परात असो, दूध मोजायचं माप असो की औषधाचा चमचा, त्याला हार नसला तरी चालेल, पण त्याला स्वच्छ ठेवा. मागच्याचं काही उरलं नाही ना, हे पुढच्याचं सोडण्याआधी बघा. देव भोळ्या भावावर भुलतो, पण पाणी भुलत नाही.

त्या चुकीनंतर पुढच्याच वर्षी पुन्हा आयुधपूजा आली. मरुदमुत्तूने मला रिकामी केली, घासली, उन्हात वाळवली आणि पाटावर पालथी ठेवली. परिचारिका हसल्या. "अण्णा, पालथं भांडं पुजतात होय? अपशकुन आहे तो!"

"आमच्याकडे आता हाच शकुन," कोदैअम्मा म्हणाल्या.

तेवढ्यात अंजलै हार घेऊन आली. कडेवर पोन्नी, तिचं डोकं आईच्या छातीवर. अंजलैने काही न बोलता मला उचलून सुलटी केली. माझ्या काळ्या पोटावरून काठापासून काठापर्यंत बोट फिरवलं. बोट उजेडात धरून पाहिलं, मग पोन्नीलाही दाखवलं.

आणि मग मला पुन्हा पालथी ठेवून तिने माझ्या पाठीवर हार घातला.