चिखलात निजणारा ड्रॅगन

मी एक जुना ड्रॅगन आहे. होडी म्हणालात तरी चालेल, पण मग मी ओ देणार नाही.

मित्रांनो, तुमच्या चित्रांच्या पुस्तकांत आग ओकणारा, राजकन्या पळवणारा एक पंखवाला सरडा असतो. त्याला माझे नाव कोणी दिले कोण जाणे. आमचा आगीशी काय संबंध? आमचा कारभार पाण्याचा. पाऊस, नद्या, भरती-ओहोटी सगळे आमच्याकडे. हरणाची शिंगे, माशाचे खवले, गरुडाच्या नख्या, असे नऊ जीवांतले चांगले तेवढे घेऊन आम्ही घडलो. आम्ही कुणाला जाळत नाही, तरी माणसे आपण होऊन वाकतात. सरड्याला हे कधी जमायचे नाही.

दक्षिण चीनमध्ये, मोती नदीच्या मुखाशी, कुओक कुळाच्या गावात मला घडवले. त्याला नव्वद वर्षे होतील. माझे लाकूड दूरच्या बेटांवरून जहाजाने आले, लोखंडासारखे जड. पण सुतारांचे काम संपले तरी मी लाकूडच होतो. गावातल्या सर्वांत वृद्ध माणसाने कुंचल्याने माझ्या डोळ्यांत लाल बुबुळे टेकवली, तेव्हा मी जागा झालो. समोर दोनशे माणसे तोंडे उघडी टाकून उभी होती. एवढ्यासाठी जागे करायची गरज नव्हती.

तरी मी काम चोख केले. दरवर्षी चिनी पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, आमच्या सणाला, साठ वल्हेकरी घेऊन मी शर्यतीत धावायचो. मी गेलो की आया घाईघाईने काठाशी उतरायच्या, माझ्या मागचे घुसळलेले पाणी बादलीत भरायच्या आणि त्यात आपली तान्ही न्हाऊ घालायच्या. बाळ वर्षभर आजारी पडत नाही म्हणे. ती ओली, रडकी, गुबगुबीत पोरे मला आवडायची. पुढे तीच मोठी होऊन कुओक होतात, त्याला माझा इलाज नाही.

सण झाला की मला तळ्याच्या गाळात पुरून ठेवतात. माझे लाकूड वाळले की फाटते, आणि चिखलाखाली वारा पोचत नाही. डोके तेवढे काढून कुलमंदिरात ठेवतात, कारण झोपायला डोके लागत नाही. कुओक मंडळींना जागेपणीही फारसे लागत नाही.

मला कसे निजवायचे, किती कलते, पोटाखाली किती गाळ, हे सिक-हुंग म्हाताऱ्याला ठाऊक होते. चाळीस वर्षे तोच मला निजवत होता. मग त्याला अर्धांगाचा झटका आला, जीभ जड झाली, आणि त्याचे बोलणे समजून घ्यायला कुणाला सवड राहिली नाही.

गावाचा कारभारी होता सेई-लून. त्याला चिखलाची लाज वाटे. एवढा मोठा ड्रॅगन आणि डुकरासारखा गाळात, पाहुणे काय म्हणतील, असे तो जो भेटेल त्याला ऐकवायचा. गेल्या सणानंतर त्याने मला कुलमंदिराच्या अंगणात काचेच्या खोलीत ठेवले. वर दिवे, बाजूला एसी. पाहुणे येत, माझ्याकडे पाठ करून उभे राहत आणि स्वतःचेच फोटो काढत. सिक-हुंग काठी आपटून काहीतरी सांगू पाहायचा. सेई-लून त्याला प्रेमाने खुर्चीत बसवायचा आणि चहा द्यायचा.

हिवाळ्यात उत्तरेचा कोरडा वारा सुटला आणि माझ्या पोटात टक् असा आवाज झाला. तेव्हा खोलीत एकटी युत-मेई होती, सिक-हुंगची धाकटी सून, पाठीला तान्ही मुलगी बांधलेली. ती थबकली. वाकून तिने माझ्या फळीला कान लावला, बराच वेळ. मग तशीच बाहेर अंगणात गेली. तिथे सेई-लून चार जणांबरोबर चहा घेत बसला होता. ड्रॅगनला आजच्या आज गाळात न्या, असे तिने सांगितले.

सेई-लून म्हणाला, "सूनबाई, बायकांनी ड्रॅगनला हात लावायचा नसतो. माहेरी एवढे तरी शिकवले असेल."

"हात नाही लावला काका, कान लावला. कानाचाही नियम असेल तर सांगा."

चहा पिणारे कपात तोंड घालून हसले.

"लाकूड कुरकुरतेच."

"कुरकुरते. पण माझे वडील जन्मभर होड्यांच्या फटी बुजवत आले. कुरकुरणे कुठले आणि फाटणे कुठले, मला कळते. मधला कणा गेला की परत जोडता येत नाही. मग याच्या फळ्या करा आणि वाटून घ्या, भाजी चिरायला."

सेई-लूनने दुसऱ्या दिवशी भेगेत लांबी भरून घेतली आणि वर सोनेरी रंग मारला. वा रे उपाय.

यंदा सणाच्या दोन दिवस आधी आम्ही रीतीप्रमाणे पलीकडच्या गावी निघालो. तिथला ड्रॅगन माझा मानलेला भाऊ. सेई-लून पांढरा पोशाख घालून स्वतः ढोलापाशी बसला. नदीच्या मध्यावर भेगेतली लांबी सुटली. पाणी आत आले. मला, खरे सांगतो, बरेच वाटले. ढोल मध्येच थांबवणे अशुभ, म्हणून सेई-लून कमरेएवढ्या पाण्यात बसून वाजवत राहिला. भावाच्या गावकऱ्यांनी आम्हाला दोरीने काठाला ओढून नेले. तिथल्या म्हाताऱ्यांनी माझ्या पोटावरून हात फिरवला आणि विचारले, कुणी वाळवले याला? साठही वल्हेकऱ्यांनी सेई-लूनकडे पाहिले.

सण माझ्याविना होणार हे त्याच दुपारी ठरले. मला तळ्यावर आणले. पण निजवायचे कसे, ते कुणालाच माहीत नव्हते. युत-मेईने सासऱ्याला खुर्चीसकट काठावर आणवले आणि त्याच्या तोंडाशी बसली. त्याचे एकेक वाक्य पूर्ण व्हायला चहा निवेल इतका वेळ लागत होता. ती बसून राहिली. मग उठून, मला बोटही न लावता, तिने पाण्यातल्या पुरुषांना सांगायला सुरुवात केली.

"डावीकडे कलू द्या. अजून. आधी पोटाखाली गाळ भरा, वरून नंतर. सेई-लून काका, तुम्ही कडेला व्हा, वजन पडते आहे."

तो पुटपुटला, "आता बाईच्या सांगण्यावरून ड्रॅगन निजवायचा?"

"तुमच्या सांगण्यावरून एकदा करून पाहिलेच की, काका."

तो कडेला सरकला आणि गाळाची टोपली उचलू लागला.

कणा वाचला की नाही, मलाही माहीत नाही. पुढच्या वर्षी बाहेर काढतील तेव्हा कळेल. मित्रांनो, मला तुमची काच नको, सोनेरी रंग नको. जे जपायचे आहे त्याला काय मानवते ते आधी विचारा, तुम्हाला काय शोभते ते मागाहून. आणि सांगणाऱ्याची जीभ जड असेल तर त्याचे वाक्य संपेपर्यंत बसा. एवढेही जमत नसेल, तर निदान आमच्यापासून लांब राहा.

गाळ आता माझ्या काठापर्यंत आला आहे. कुओक मंडळी हातांनी दाबत आहेत, हळू, सगळ्या बाजूंनी. हे येत होते तर वर्षभर कुठे ठेवले होते, असे विचारावेसे वाटते. पण गाळ गार आहे, आणि मला झोप येते आहे.