हरणाच्या केसांचा गोंडा

पोळ्याला बैलांसाठी गोंडे बांधावेत तर हिलालनंच, असं अनेर नदीच्या काठी सगळे म्हणत, आणि हिलालला ते जरा जास्तच ठाऊक होतं. म्हणून जंगलखात्याचा शिपाई नथ्थू रुमालात काहीतरी लपवून दारी आला, तेव्हा त्याला नवल वाटलं नाही.

रुमालात त्याच्या गोऱ्या साहेबाचा लाडका गळ होता. मासा भुलावा म्हणून त्यावर केसांचा एक खोटा किडा बांधलेला असे. नथ्थूच्या हातून डबी उघडी राहिली आणि उंदरांनी किड्याचा फडशा पाडला. सकाळच्या आत तसाच दुसरा झाला नाही, तर नथ्थूची नोकरी जाणार होती.

हिलालनं उरलेला केस नखात दाबला. तो चटकन मोडला, आतून पोकळ. हरणाचा आहे, तो म्हणाला, म्हणून तर पाण्यावर तरंगतो.

हरणाचे केस घरातच होते, हीच पंचाईत होती. त्याच्या थोरल्या भावानं, तोतारामनं, हरभऱ्यात शिरलेलं चितळ चोरून मारलं होतं. कातडं कडब्याखाली होतं. बोभाटा झाला तर बंदूकही जाणार आणि भाऊही धुळ्याच्या तुरुंगात.

म्हणून त्यानं आधी बकरीचे केस बांधले. घंगाळात टाकल्याबरोबर किडा दगडासारखा तळाला गेला. नथ्थू नुसता बघत राहिला. ते बघणं हिलालला झोंबलं. तो उठला आणि कडब्याकडे गेला.

चिमूटभर केस गळाच्या दांडीवर धरून त्यानं मेण लावलेल्या दोऱ्याचे दोन सैल वेढे दिले आणि दोरा ओढला. केस चहूकडे फुलले. चिमटीला चिमटी भिडवत त्यानं ते दाटवले, कातरीनं गोल केले. हा तरंगला. उरलेले केस त्यानं मुंडाशात खोचले.

दुसऱ्या दिवशी हिलाल छावणीवर दूध घालायला गेला, तेव्हा साहेबाच्या पायाशी हातभर मासा पडला होता. साहेब खुशीत होता. गळ सगळ्यांना दाखवून तो म्हणाला की असं काम विलायतेतच होतं, इथल्या हातांना ते जन्मात जमायचं नाही. नथ्थूनं जोरजोरात मान डोलावली.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे हिलालला कळत होतं. भावाचा चेहराही डोळ्यांपुढे आला. पण अपमान काही गिळवेना.

“साहेब,” तो म्हणाला, “हाऊ गोंडा मना शे.”

हा गोंडा याचा, हे ऐकून साहेब हसला. नथ्थूही घाईघाईनं हसला, हा येडा आहे म्हणाला. तेवढ्यावर भागलं असतं.

हिलालनं मुंडाशातले केस काढून साहेबाच्या तळहातावर ठेवले. साहेबानं ते बोटांनी उलटेपालटे केले. मुळाशी कातडीचा ओलसर तुकडा होता.

साहेबानं हिलालची पाठ थोपटली, काम उत्तम आहे म्हणाला. मग नथ्थूकडे वळून त्यानं विचारलं, याचं घर कुठलं.