दुसरी बाजू हवीच

संध्याकाळच्या चर्चेला अर्धा तास उरला असताना वकीलसाहेबांनी मेकअपच्या खोलीत जाहीर केलं, "मला पटलंय. पृथ्वी माणसामुळेच तापतेय."

निर्मातीच्या हातातला चहा बशीत सांडला. दर उन्हाळ्यात वकीलसाहेब वाहिनीवर येऊन हवामानबदल हे थोतांड असल्याचं सांगत. समोर दर वेळी हवामानशास्त्राच्या त्याच प्राध्यापिका असत. या खेपेला त्यांना कोंडीत पकडायचं म्हणून साहेबांनी त्यांचं संशोधन पहिल्यांदाच वाचलं आणि घात झाला.

"पटायला आजचाच दिवस सापडला?" निर्माती म्हणाली. "दोघांचं एकमत झालं तर चर्चा कसली? दोन बाजू हव्यातच, वाहिनीचा नियम आहे. नाहीतर त्या वेळात केसगळतीवरचा जुना कार्यक्रम लावते."

शेजारच्या खुर्चीतल्या प्राध्यापिका गडबडल्या. इतक्या वर्षांत त्यांना आपला पुरावा एकदाही पूर्ण सांगता आला नव्हता. "साहेब, आजच्यापुरते विरोधात बसा ना. 'पुरावा काय' एवढंच विचारा आणि गप्प राहा. पुढचं मी बघते."

"एवढंच ना? बसतो की, ताई."

दिवे लागले. साहेबांनी ठरल्याप्रमाणे विचारलं, "पुरावा काय?"

"मोजमापं असं सांगतात," प्राध्यापिका म्हणाल्या, "की जमिनीलगतची हवा तापतेय आणि खूप वरची गार..."

"गार!" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "ऐकलंत? बाई स्वतःच म्हणतात, गार होतेय!"

निवेदकाची कळी खुलली. पडद्यावर पट्टी धावू लागली: 'शास्त्रज्ञांचीच कबुली, हवा गार'. प्राध्यापिका "अहो, पूर्ण तर ऐका" म्हणत राहिल्या आणि वेळ संपली. प्रेक्षकांचा कौल साहेबांना मिळाला. निर्मातीने पुढच्या आठवड्यासाठी दोघांना तिथल्या तिथे सांगून ठेवलं.

जिन्यात साहेबांनी कान पकडले. "माफ करा हो. शब्द कानावर पडला आणि राहवलंच नाही. धंद्याची खोड."

"निदान आता तरी ऐकाल?"

"एक शब्द बोलणार नाही."

प्राध्यापिका पायरीवरच बसल्या. "कोळसा नि तेल जाळून निघालेला वायू खाली उष्णता धरून ठेवतो. वर, विरळ हवेत, तोच ती अवकाशात सोडून देतो. म्हणून खाली ताप, वर गारवा. सूर्याची करणी असती, तर दोन्हीकडे तापलं असतं."

साहेब थक्क झाले. "अहो, इतकं सोपं आहे! मग आत का नाही सांगितलंत?"