हरेल त्याने पाणी प्यावे

मित्रांनो, ज्याच्यासाठी दुकानापुढे कधी रांग लागली नाही आणि ज्याच्यासाठी कोणत्याही मुलाने जेवणावर राग काढला नाही, असा मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. माझा रंग एके काळी पांढरा होता. आता तो म्हाताऱ्याच्या दातांसारखा झाला आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. माझ्यात मारामारी नव्हती, बंदुका नव्हत्या. रिमोट हातात धरून हात पुढे झोकला, की पडद्यावर चेंडू गडगडत जाई आणि समोरच्या लाकडी बाहुल्या आडव्या पडत. आजीने नातवाबरोबर खेळावे, असे चित्र माझ्या खोक्यावर होते. पण लोकांना तो दुसरा, काळा, रुबाबदार गेम हवा होता. त्यात फुटबॉल होता. मी मागच्या फळीवर गेलो, मग कुणाच्या तरी माळ्यावर, आणि शेवटी एका जुन्या फ्रीजच्या पोटात बसून बोटीने लागोसच्या बंदरात उतरलो.

तेथे मला ग्यांग नावाचे लॉरीवाले भेटले. ते आपल्या जोस गावचे बटाटे लॉरीने लागोसला नेत आणि परत येताना मुलांसाठी काहीतरी आणत. या वेळी त्यांनी मला आणले. मोठ्या हौसेने त्यांनी मला बाहेर काढले आणि त्यांच्या मुलाचा, दावूचा चेहरा पडला.

"बाबा, हा तो नाही."

"तो नाही म्हणजे? गेमच आहे ना? दुकानदार शपथ घेऊन म्हणाला."

शेजारचा बिट्रस दारात उभाच होता. "यात फुटबॉल नाही? मग यात करायचं काय, भांडी घासायची?" असे म्हणून तो पोट धरून हसला. मला त्या हसण्याची सवय होती, तरी वाईट वाटलेच.

पण खाटेवर मोजे घालून बसलेली एक लहान मुलगी हसली नाही. ती कानेंग, दावूची धाकटी बहीण. "दादा, हे बसूनपण खेळता येतं?" तिने विचारले.

मित्रांनो, कानेंगला सिकलसेल होता. तिच्या रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकत आणि नसांत अडकत. मग हाडे अशी दुखत, की ती उशी चावून रडे. जोस उंचावरचे, थंड गाव. तिला गल्लीत धावायची बंदी, पावसात भिजायची बंदी. तिची आई ल्योप कॉलेजात शिकलेली होती. आजाराबद्दल वाचण्यासारखे सगळे तिने वाचले होते, आणि वाचल्यामुळे तिची झोप आणखीच उडाली होती. येता-जाता ती मुलीची खालची पापणी ओढून बघे, तळपाय चाचपे, आणि दिवसभर एकच विचारी, "पाणी प्यायलीस?"

पाणी हेच कानेंगचे मोठे औषध होते आणि पाण्याचाच तिला कंटाळा होता. "आई, माझ्या पोटात आता बेडूक होतील," ती म्हणे आणि पेला खाटेखाली लपवी.

मी आल्यावर ल्योपने एक युक्ती काढली. माझ्याशेजारी तिने पाण्याची मोठी निळी बाटली ठेवली आणि नियम केला : हरेल त्याने पेलाभर पाणी प्यावे. मग स्वयंपाकघराच्या दाराशी दावूला जवळ ओढून ती हळूच म्हणाली, "तू जिंकत राहायचं. कळलं? तिची कितीही दया आली तरी."

आणि दावू जिंकत राहिला. कानेंग पाय आपटे, त्याला दुष्ट म्हणे, लांडगा म्हणे, आणि घटाघटा पाणी पिई. खेळात हरलेल्याने कुरकुर करायची नसते ना! ग्यांग लॉरीवरून आले की तेही खेळत आणि मुद्दाम धडपडत. ल्योप अका नावाच्या बारीक धान्याचा सांजा ढवळता ढवळता एका हाताने चेंडू फेकून जाई. लाइट आली की गल्लीभर मुलांचा एकच ओरडा होई आणि या घरी सगळे माझ्याकडे धावत. त्या दोन वर्षांत कानेंगला एकदाच दवाखान्यात ठेवावे लागले. "हा पांढरा डबा नशिबाचा निघाला," असे ल्योप एकदा शेजारणीला म्हणाली. माझ्या आयुष्यातली ती एकच शाबासकी, मित्रांनो. ती मी अजून जपून ठेवली आहे.

मग तो हरमटानचा महिना आला. वाळवंटाकडून धुळीचा कोरडा वारा सुटला. ओठ फुटू लागले, धुतलेले कापड पिळता पिळता वाळू लागले. बरेच दिवस लाइट नव्हती. नाताळच्या आधीच्या एका दुपारी लाइट आली, तेव्हा ल्योप चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला निघाली होती. तिने बाटली काठोकाठ भरली, मुलीला दोन स्वेटर घातले आणि दारातून दोनदा मागे वळून बघितले.

बिट्रस खिडकीत बसून पाहत होता. कानेंग हरली, प्यायली. पुन्हा हरली, प्यायली. "ही बाई खेळतेय की टाकी भरतेय?" तो म्हणाला. "अगं, तू जन्मात एकदा तरी जिंकलीयेस का?"

 कानेंगने रिमोट मांडीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केले. तिचे खांदे हलू लागले.

दावूने बिट्रसला हाकलून खिडकी लावली.  मग त्याने रिमोट डाव्या हातात घेतला.

हे फक्त मला कळले. हाताचा झोक मला कळतो. त्याचा चेंडू कडेला जाऊ लागला. कानेंग जिंकली! ती खाटेवरून उतरली, नाचली, पुन्हा जिंकली, उड्या मारू लागली. दावू प्रत्येक वेळी पेला उचली आणि तोंड वाकडे करून म्हणे, "आता माझ्या पोटात बेडूक." ती खदखदून हसे. दुपार सरेपर्यंत ती जिंकत होती, तिच्या अंगाला घाम येत होता, वारा तो पिऊन टाकत होता, आणि त्यानंतर तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मला आवाज असता, तर मी ओरडलो असतो. मला फक्त विजयाची धून वाजवता येत होती. ती मी पुन्हा पुन्हा वाजवली.

ल्योप परतली, तिने आधी बाटली बघितली. बाटली रिकामी होती.

"सगळं संपवलं? शहाणी गं माझी बाई!" तिने लेकीचे डोके कुरवाळले. दावूने मान खाली घातली. कानेंग हसत राहिली.

पहाटे ती किंचाळून उठली. लाथ मारल्यासारखे कमरेत दुखत होते. लॉरी गावाला गेलेली, म्हणून शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर तिला मधे बसवून नेले. अंगातले पाणी आटले होते, असे डॉक्टर म्हणाले. "कसं आटेल?" ल्योप ज्याला त्याला विचारत राहिली. "बाटली रिकामी झालेली मी या डोळ्यांनी बघितली." उत्तर मिळेना, तेव्हा तिने माझ्याकडे बोट दाखवले. "या मेल्या डब्याने नाचवलं तिला."

दावूने डावा हात पाठीमागे नेला.

कानेंग वाचली. पण कमरेच्या हाडाला रक्त पोचले नव्हते; ती घरी आली तेव्हा एक पाय ओढत चालत होती. मला नजरेसमोर ठेवायलाही ल्योप तयार नव्हती. ग्यांग मला बाजारात विकायला घेऊन गेले. दुकानदाराने मला उलटेसुलटे केले आणि परत सरकवले. "दादा, हा फुकट दिलात तरी घरात ठेवायला जागा लागेल की!" मग ल्योपने मला जुन्या छापील कापडात गुंडाळून कपाटावर टाकले. कुणालाच नको असल्याने मी त्या घरात राहिलो.

वरून मी सगळे ऐकत असे. दावू बहिणीशी कोणताही खेळ खेळत नसे, साधी सोंगटीसुद्धा हलवत नसे. तो फक्त पाणी आणून तिच्यासमोर उभा राही. ती पिईपर्यंत हलत नसे. बिट्रस हाका मारून थकला. पोरगा असा म्हाताऱ्यासारखा का झाला, हे घरात कुणाला उमगेना.

असे तीन हरमटान गेले. आज दुपारी कानेंग काठी टेकत कपाटाखाली आली. "दादा, तो काढ."

"नको."

"काढ म्हणते ना. नाहीतर मी खुर्चीवर चढेन, पडेन आणि तुझं नाव सांगेन."

त्याने मला खाली घेतले. कापडावरची धूळ दोघांच्या नाकात गेली. खोकला थांबल्यावर ती म्हणाली, "त्या दिवशी तू डाव्या हाताने खेळत होतास, गाढवा. मला काय कळत नव्हतं?"

दावूच्या हातातला रिमोट तसाच राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"एक दिवस पाणी नको होतं मला. एकच दिवस." मग तिने विचारले, "आईला सांगितलंस?"

"नाही."

पण ल्योप दारातच उभी होती, हातात भरलेली बाटली घेऊन. मला वाटले, आता ती मला उचलून आपटणार. ती खाली बसली. तिने लेकाकडे बघितले, लेकीकडे बघितले, आणि बाटली मांडीवर धरून म्हणाली, "मी बाटली बघितली रे. तिचे ओठ नाही बघितले."

दावू रडला. एवढा मोठा मुलगा, आवाज करून रडला. ल्योपने त्याची खालची पापणी ओढून बघितली, जशी ती नेहमी धाकटीची बघे. मग तिने माझी वायर भिंतीत लावली. लाइट नव्हती.

मित्रांनो, मी आता तिघांच्या मधोमध जमिनीवर आहे. माझ्या पोटात धूळ गेली आहे, आणि मी पुन्हा सुरू होईन की नाही, हे मलाही ठाऊक नाही. मला पुसा, झाका, उन्हात ठेवू नका, असे मी सांगू शकलो असतो. पण माझे काय, मला कुणीच फारसे मागितले नव्हते. तुम्ही आपल्या माणसाचे ओठ बघत जा. बाटली कुणीही रिकामी करते.

बाहेर वारा सुटला आहे. कानेंगने पेला भरला आहे. अजून कुणी हरलेले नाही, तरी ती पाणी पीत आहे.