गाडीबाबांचा न्याय

माळावर बैलगाड्या सोडलेल्या, सायकली आडव्या पडलेल्या, आणि मधोमध एक लांबलचक निळी अमेरिकन मोटार उभी होती. तिच्या नाकावर हळदकुंकू, आरशाला झेंडूची माळ. लोक हात जोडून उभे. ड्रायव्हर आकाराम दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घालून बसला होता. इंजिन चालू, गिअर टाकलेला, तरी गाडी जागच्या जागी. शेजारी गाडीबाबा शाल पांघरून बसले होते. ज्याच्यावर आळ असेल त्यानं मागं बसायचं. माणूस खरा असेल तर गाडी आपोआप पुढे सरके, खोटा असेल तर हलत नसे. हे १९७४ साल. पेट्रोल नुकतंच महागलं होतं, म्हणून न्याय फक्त गुरुवारी मिळे.

मी कोरेगावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. अंगात येणं, पाण्यावर पेटणारा दिवा, हवेतून काढलेला अंगारा, सगळं पाहून झालंय. दर वेळी बाबा नवा आणि गर्दी तीच. खरं सांगतो, मला या सगळ्याचा वीट आला होता. त्या दिवशी गेलो तो हरणाबाईसाठी.

हरणाबाई त्या गावची सुईण. लालासाहेब पाटलांचा नातू जन्मला तो मेलेलाच. नाळेचा वेढा बसला होता असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पण बाळंतपण हरणाबाईनं केलेलं, आणि घरात तिची ‘करणी’ हा शब्द शिरला तो काही निघेना. गाडी हलली नाही तर हरणाबाईनं गाव सोडायचं, असं ठरलं होतं. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, आणि तेच आता गंमत बघायला उभं होतं.

यंत्र न कळणारं हे गाव नव्हे. इथं घरटी एक माणूस पलटणीत. फौजेत ट्रक चालवलेल्या नाथाजी हवालदारांनी गाडी वाकून वाकून तपासली होती, आणि त्यांचा शब्द बाबांना अंगाऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडत होता.

"गुर्जी, गाडी गिअरमधी, इंजिन चालू, आन क्लचवर पाय न्हाई," ते मला म्हणाले. "आमच्या ट्रकाचं इंजिन तवाच बंद पडलं असतं. हितं तर क्लचच न्हाई. मग ह्यो चमत्कार न्हाई तर काय?"

जे आपल्या ट्रकात नव्हतं ते देवाचं, असा त्यांचा हिशेब.

बाबांचं प्रवचन झालं. चार चाकं म्हणजे चार वेद, पुढचे दिवे म्हणजे चंद्र-सूर्य, हॉर्न म्हणजे ओंकार. तो वाजवल्यावर बायकांनी नमस्कारही केला. मग लोक एकेक करून पाया पडू लागले, तेव्हा एक गोष्ट मला खटकली. आपल्याकडे दर्शन घ्यायचं ते दोन्ही पायांचं. बाबा मात्र डावाच पाय दाराबाहेर काढत. उजवा शालीतून बाहेर येत नव्हता.

हरणाबाई मागं बसली. झांजा सुरू झाल्या. गाडी हलली नाही. लोक कुजबुजले. लालासाहेबांनी मान फिरवली.

मी दाराशी वाकलो, डाव्या पायाला हात लावला आणि उजवाही मागितला. तो दाखवायला गुरूची आज्ञा नाही, असं बाबा म्हणाले. मी शाल उचलली. उजव्या अंगठ्यात तारेचं कडं होतं आणि तार खालच्या भोकातून इंजिनाकडे गेली होती. इंजिनाचा आवाज झाकणाऱ्या झांजा थांबवून मी ती ओढली. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी हरणाबाईसकट पुढे सरकली. सोडली तशी थांबली.

मग नेहमीचं काम, समजावून सांगायचं. अशा बिनक्लचच्या गाडीत इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये तेलानं भरलेला एक डबा असतो, त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. आत समोरासमोर पात्यांची चक्रं. इंजिन एक चक्र फिरवतं, आणि ढवळलेलं तेल चाकांना जोडलेल्या दुसऱ्याला ढकलतं. हळू फिरवलं तर तेल नुसतं घुसळत राहतं. इंजिन बंद पडत नाही, आणि डबा ढिला असेल तर गाडीही हलत नाही. पुढचं आकारामनं घाबरून सांगितलं. मूळचा कन्व्हर्टर इंजिन हळू असलं तरी गाडीला सारखा पुढं रेटायचा, म्हणून बाबांनी एका गॅरेजातून मुद्दाम ढिला निवडून बसवला होता. वेगाचे शौकीन तसा बसवतात, इंजिन चांगलं जोरात फिरलं की मगच गाडीनं झेप घ्यावी म्हणून. बाबांना झेपेशी काम नव्हतं. गावाच्या मनात काय आहे याची चौकशी आकाराम आधीच करून ठेवी, आणि अंगठा गावाचंच मत गावाला परत देई.

बाबा तोवर दुसऱ्या दारानं उतरून उसात शिरले होते. नाथाजी ती तार हातानं चाचपत इंजिनापर्यंत वाकून गेले.

लालासाहेब पुढं आले. "हरणे, उतर आता. गाडी हलली. तू खरी हाईस."

ती उतरली नाही. "गुर्जींनी तार वडली म्हनून हलली. उद्या कुनी वडली न्हाई तर मी खोटी व्हय? मला गाडीचं नगं, पाटील. बाळ झालं तवा तुमी उंबऱ्यावर हुता. तुमी सांगा."

लालासाहेब हळू म्हणाले, "तुज्या हातनं कायबी वाईट झालं न्हाई."

"लोकांस्नी ऐकू जाऊ द्या."

त्यांनी ते पुन्हा, मोठ्यानं सांगितलं, आणि सांगता सांगता नातवासाठी रडले. मग हरणाबाई उतरली.

तेलाला पापपुण्य कळत नाही, तारेलाही नाही. दुःख झालं की आपण कुणाला तरी दोषी शोधतो आणि निवाडा यंत्रावर, अंगाऱ्यावर, बाबावर सोपवतो, म्हणजे आपलं तोंड दिसायला नको. माझं मागणं एवढंच आहे: आळ घेण्याआधी डॉक्टर काय म्हणाले ते ऐका, शाल उचलून बघा, आणि निवाडा करायचाच असेल तर त्या माणसाच्या डोळ्यांत बघून स्वतःच्या तोंडानं करा.