चौथी खुर्ची

समाजशास्त्र विभागात त्या वर्षी शिष्यवृत्तीसह पीएच.डी.ची एकच जागा निघाली, आणि माझे लखनौमध्ये राहणे त्या एका जागेवर येऊन थांबले. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन आईसह भंडाऱ्याला परतले होते. लखनौच्या वृंदावन योजना या वसाहतीतले आमचे घर विकायचे की ठेवायचे, हे माझ्या मुलाखतीनंतर ठरायचे होते. ज्या शहरात मी जन्मलो तिथे मला ओळखणारे फारसे कुणी नव्हते. आणि बाबा ज्याला ‘आपले गाव’ म्हणत, तिथे मी सुट्टीतला पाहुणा होतो.

रिकाम्या घरात माणूस हळूहळू आवाज न करता वावरायला शिकतो. भांडे खाली ठेवतानासुद्धा मी जपून ठेवी, जणू आतल्या खोलीत कुणी झोपले आहे. “भैया, पालक दे दीजिए” किंवा “बस, यहीं रोक दीजिए” एवढेच काय ते दिवसाचे संभाषण. संध्याकाळी बाबांचा फोन आला की पहिला शब्द घशातून सुटायला वेळ लागे.

“जेवण काय केलंस?”

“खिचडी.”

“कालही खिचडीच होती नं? अरे, माणसांत जात जा. बोलत जा कुणाशी.”

“बोलतो बाबा.”

“कुणाशी?”

यावर मी मुलाखतीचा विषय काढत असे.

नोकरीनिमित्त उत्तरेत आलेल्या मराठी कुटुंबांच्या दुसऱ्या पिढीवर मला संशोधन करायचे होते. विभागात हा विषय मनापासून समजून घेणारी एकच व्यक्ती होती, शर्मिष्ठा मॅडम. त्या मूळच्या साताऱ्याच्या, हे सर्वांना ठाऊक होते. हजेरी घेताना ‘मेश्राम’ या माझ्या आडनावाशी त्या किंचित थांबत आणि पुढे जात. एम.ए.ची दोन्ही वर्षे मात्र आम्ही हिंदीतच बोललो. मराठीत बोललो तर ती सलगी वाटेल, ओळख काढणे वाटेल, या संकोचाने मी ‘जी मैम’च्या पलीकडे कधी गेलो नाही.

मुलाखतीच्या समितीत त्या असणार, हे मी बाबांना सांगितले होते.

“अच्छा! मराठी आहेत? मग आपल्याच म्हणायच्या.”

परमुलखात नोकरी केलेल्या माणसाची ही रीत होती. बँकेत, दवाखान्यात, गॅसच्या कार्यालयात, जिथे पाटीवर मराठी आडनाव दिसेल तिथे बाबा निःशंकपणे आत जात आणि ‘गाव कुठलं?’ या प्रश्नाने सुरुवात करत. त्या प्रश्नानंतर आडनावावरून समोरच्याचा चेहरा कधी उजळे, कधी मिटे. बाबांनी दोन्ही पाहिले होते, आणि तरीही विचारणे सोडले नव्हते.

मुलाखतीच्या दिवशी शहरावर धुके होते. आत गेलो तेव्हा टेबलामागे चार खुर्च्या होत्या आणि चौथी रिकामी होती. मॅडम उशिरा येतील असे वाटून मी दाराकडे पाहत राहिलो. विभागप्रमुखांनी माझा प्रस्ताव उलटा करून टेबलावर ठेवला.

“तो आप अपने ही घर पर रिसर्च करेंगे?”

दुसरे प्राध्यापक हसले. “फील्डवर्क में माताजी चाय भी पिला देंगी.”

याचे उत्तर माझ्याजवळ होते. आपल्या घराकडे परक्यासारखे पाहता येणे हीच या पिढीची ओळख आहे, असे मला म्हणायचे होते. पण त्या उत्तरापर्यंत नेणारा प्रश्न जी व्यक्ती विचारणार होती, तिची खुर्ची रिकामी होती. मी म्हणालो, “जी सर.” आणि मुलाखत संपली.

दुपारी निकाल लागला. जागा ऋषभला मिळाली. तो माझ्याच वर्गातला, हुशार, मोकळा मुलगा. “यार मेश्राम, तुम कुछ बोलते तो सही,” तो म्हणाला, आणि त्याच्या स्वरात खरोखरच खंत होती.

मी जिन्याकडे वळलो तेव्हा मागून आवाज आला, “बुद्धभूषण, जरा आत या.”

मराठीत.

शर्मिष्ठा मॅडम त्यांच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. मी आत जाऊन बसलो.

“परवा तुमच्या वडिलांचा फोन आला होता,” त्या म्हणाल्या. “समितीतल्या कुणाकडे उमेदवाराच्या घरून आधी फोन आला, तर त्याने मुलाखतीला बसू नये. निदान मी तरी बसत नाही. तसं लिहून दिलं आणि बाजूला झाले.”

माझे कान तापले. “त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकायला सांगितलं?”

“छे! मुलाखतीचं नावही काढलं नाही त्यांनी. आधी गाव विचारलं. मग म्हणाले, मुलगा एकटा राहतो, बोलत नाही कुणाशी. कधीमधी त्याच्याशी मराठीत बोलत जा.” त्या खिडकीकडे पाहू लागल्या. “पण कोण काय बोललं, हे उद्या कुणाला पटवून देणार होते मी? तुमच्यावरच बोट आलं असतं.”

मग त्यांनी खिडकीवरची नजर माझ्याकडे वळवली.

“निशातगंजच्या एका कॉलेजला तासिका तत्त्वावर शिकवायला माणूस हवाय. जाहिरात खाली फलकावर आहे. मी तिथे कुणाकडे शब्द टाकणार मात्र नाही, हे आधीच सांगते.” त्या पहिल्यांदा हसल्या. “प्रस्ताव चांगला आहे तुमचा. पुढच्या वर्षी पुन्हा या. आणि आता चहा घ्या. दोन वर्षं ‘जी मैम’ ऐकून कंटाळले मी.”

आम्ही चहा घेतला. मी अडखळत बोललो, पुस्तकातले शब्द वापरत. त्यांनी एकदाही दुरुस्ती केली नाही.

घरी पोहोचेपर्यंत बाबांचा फोन आलाच.

“काय झालं रे?”

“नाही झालं, बाबा. पण घर इतक्यात विकू नका. निशातगंजला शिकवण्याचं काम निघालंय, तिथे अर्ज करतोय. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत देईन.”

“बरं, बरं. आणि त्या मॅडम? बोलल्या का तुझ्याशी?”

“बोलल्या. बराच वेळ.”

“बघ! मी म्हटलं नव्हतं, आपल्याच आहेत? थांब, त्यांना आत्ताच थँक्यू म्हणतो.”

“आता करा फोन,” मी म्हणालो. “पण पुढच्या वर्षी मुलाखत झाल्यावरच करा, बाबा. आधी नको.”

पलीकडे आईने नळ बंद केल्याचे मला ऐकू आले.

“म्हणजे माझ्या फोनमुळे…” एवढे म्हणून बाबा थांबले. मग हळूच म्हणाले, “आईशी बोल,” आणि त्यांनी फोन तिच्या हातात दिला.