दहाने खोटा काटा

गाडी विकायची असं राजरत्नने ठरवलं. मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. माझा मुलगा तो. घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहतो आणि तिथून आमचा डोंबिवलीचा संसार चालवतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पुढच्या रविवारी चार वाजता गिऱ्हाईक गाडी बघायला येणार, म्हणाला, आणि तोवर पप्पांना काही बोलू नकोस.

कारण काय, तर दोनदा दंड आला, वेग जास्त म्हणून. मेसेज त्याच्या मोबाईलवर गेले, कारण कागद त्याच्या नावावर. गाडी घेतली माझ्या नवऱ्याने, देवरामनी, फंडाच्या पैशातून. सेकंड हँडच, पण घेतली. कागद केले पोराच्या नावावर, कौतुकाने. कौतुकाने केलेल्या सह्या पुढे अशा नडतात.

आता मी काही भन्नाट चालवते म्हणून दंड आला नाही. मीटर दिसत नाही म्हणून आला. लांबचा चष्मा लावला की रस्ता आरशासारखा स्वच्छ, पण स्टिअरिंगमागचे आकडे म्हणजे सांडलेली मोहरी. वाचायचा लावला तर मोहरी दिसते आणि पुढचा ट्रक गायब. दोन भिंगांचा करून बघितला, तर चक्कर यायला लागली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, गाडी चालवायला नजर उत्तम आहे तुमची. मग दोष कुणाचा? ज्याने मुंगीएवढे राखाडी आकडे छापले त्याचा. त्याला कोण दंड लावणार?

आणि गाडी मी फिरायला नाही ठेवलेली. ह्यांचं मंगळवार, गुरुवार, शनिवार ठाण्याला डायलिसिस असतं. चार तास मशीनवर पडून माणूस बाहेर येतो तो पिळून काढलेला. थंडी वाजते, मळमळतं, बोलवत नाही. राजरत्न म्हणतो, कॅब बुक करून देत जाईन. दिली होती एकदा. ह्यांना वाटेत उलटी झाली, तर ड्रायव्हरने मुंब्रा बायपासला गाडी थांबवली आणि सीट पुसायला लावली. ह्यांनी स्वतःच्या शर्टाने पुसली. मी ते बघितलं, आणि महिनाभरात ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी. तेव्हापासून आमच्या गाडीत ह्यांना हवी तेवढी उलटी करायची मुभा आहे.

गॅरेजवाल्याला विचारलं, आकडे मोठे करून देता का? तो हसला. मग अख्खा मीटरच बदला म्हणाला आणि अशी रक्कम सांगितली की तेवढ्यात मी घराला रंग काढला असता. म्हटलं, राहू दे बाबा. त्याला काय माहीत कुणाशी बोलतोय. एमआयडीसीत बॉयलरच्या गेजचा, म्हणजे वाफेचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा, कारखाना होता, त्यात मी बावीस वर्षं डायल छापल्यात आणि काटे बसवलेत. कारखाना बंद झाला, हात थोडेच बंद झाले?

मूळ डायलचं माप मी बटर पेपरवर उतरवून घेतलं, काचेवरूनच. नव्या डायलवर आकडे थोडे, पण ठळक: वीस, चाळीस, साठ, ऐंशी. पुढे नुसत्या रेघा. कागद घेऊन दिवा स्टेशनला गेले रखमाबाईकडे. ती माझ्या शेजारच्या टेबलावरची. आता घरातच लग्नपत्रिका छापते. तिच्याकडे तीन दिवस पाणी नव्हतं, तरी माझ्यासाठी छपाईची जाळीची स्क्रीन धुवायला तिने अर्धी बादली काढली. आकडे इंग्रजी घालू की मराठी, तिने विचारलं. मी म्हटलं, मराठी घाल, माझी शाळा मराठी आहे. काळ्या फिल्मवर पांढरे आकडे, मागून दिवा लागला की उजळणारे. गुरुवारी हातात पडले.

शुक्रवारी दुपारी ह्यांना शेजारी बसवलं आणि मीटर बाहेर काढला. शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर, आणि काटा उपटायला फडक्यात गुंडाळलेले दोन चमचे, एवढीच हत्यारं. स्क्रू ह्यांनी वाटीत धरले. नवी फिल्म चिकटवली, जुन्या पिवळ्या बल्बच्या जागी पांढरे एलईडी घातले, काटा दाबून बसवला. किलोमीटरच्या आकड्याला हात लावला नाही. दिवे लावले तेव्हा हे म्हणाले, अगं, मला मागच्या सीटवरून दिसेल. मला इतका आनंद झाला की मी त्यांना गिऱ्हाइकाचं सांगायला तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. शब्द दिला होता ना पोराला.

शनिवारी ठाण्याला जाताना असला ट्रॅफिक की काटा शून्यावरून जेमतेम हलला. मी ट्रॅफिकलाच शिव्या दिल्या. तिथेच कळायला हवं होतं मला.

रविवारी सकाळी राजरत्नला न कळवता आम्ही त्याच्या दारात. त्याला खाली बोलावलं, मीटर दाखवला. हे काय लग्नाच्या पत्रिकेसारखं, म्हणाला. म्हटलं, हाताच्या काकणाला आरसा कशाला, बस आणि एक फेरी मार माझ्याबरोबर. तो पुढे बसला, हे मागे. रस्ता रविवारचा, मोकळा. मी लांबचा चष्मा लावलेला आणि माझे आकडे लख्ख दिसत होते. काटा चाळीस-साठच्या बरोबर मध्ये, पन्नासावर धरला. मनात म्हटलं, जिंकले.

आणि पुढे रस्त्याकडेला ती पाटी आली, येणाऱ्या गाडीचा वेग लाल आकड्यांत दाखवणारी. तिच्यावर आकडा होता साठ.

राजरत्न मोबाईलमध्ये बघत होता. हे खिडकीबाहेर. पाटी फक्त मी बघितली. खरं सांगते, शंभर पावलं मी काही बोलले नाही. चार वाजता गिऱ्हाईक येणार होतं. गप्प राहिले असते तर गाडी राहिली असती, आणि घरी जाऊन गुपचूप दुरुस्त करता आलं असतं. पण बावीस वर्षांत एक गोष्ट शिकलेली: खोट्या काट्याचं गेज हातातून पुढे सोडायचं नाही. बॉयलर फुटतो आणि माणूस मरतो, तो दुसराच कुणीतरी.

मी इंडिकेटर देऊन गाडी कडेला घेतली.

"राजा, माझा काटा दहाने खोटा आहे," मी म्हटलं.

त्याने मोबाईल खाली ठेवला. मग जे व्हायचं ते झालं. तो सुरू झाला, मी सांगितलं होतं, आई, हे खेळ नाहीत, उद्या पप्पांना काही झालं तर, असं बरंच. घाबरतो तो, मला कळतं. पण माझ्याही तळपायाची आग मस्तकाला गेली, त्याच्यापेक्षा जास्त स्वतःवर. कारण चूक मला तिथल्या तिथे कळली होती. गेजचा काटा आम्ही शून्याच्या जरा खाली दाबायचो आणि मग उचलून शून्याच्या पिनवर टेकवायचो, म्हणजे स्प्रिंगच्या ताणाने घट्ट बसतो, थरथरत नाही. हाताला तीच सवय. पण गाडीच्या मीटरला स्प्रिंग नसते, मोटर असते. ती बिचारी आधी माझा ताण फेडते आणि मग काटा हलवते. कारखान्यातली हुशारी इथे मूर्खपणा ठरली.

वीसने हळू चालवत गाडी त्याच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये आणली आणि डिकीतून चमचे काढले. वॉचमन बघायला आला, एक बाई कुत्रं घेऊन थांबली. बघा म्हटलं, खुशाल बघा. मीटर उघडला, काटा उपटला, किल्ली अर्धी फिरवून मोटर शून्यावर आणली आणि काटा ठेवला, नुसता ठेवला, ताण न देता. मग पुन्हा रस्त्यावर. राजरत्नला मोबाईलवर वेग मोजणारं ॲप लावायला सांगितलं. मी आकडा बोलायचे, तो पडताळायचा. चाळीस, चाळीस. पन्नास, पन्नास. साठला त्याच्या मोबाईलने एकोणसाठ दाखवले. तीन फेऱ्या मारल्या.

परत पार्किंगला आलो तेव्हा तो शांत झाला होता. पण म्हणाला, आई, मीटर झाला ठीक, पण मुद्दा मीटरचा नाहीये. आणि पुन्हा चुकलं तर?

"पुन्हा चुकलं तर पुन्हा तुला सांगेन, आज सांगितलं तसं," मी म्हटलं. "तू मात्र पप्पांना सांगितलं नाहीस, चार वाजता त्यांची गाडी विकायला माणूस बोलावलायस ते."

मोडला शब्द. मोडला तर मोडला.

मागच्या सीटवर ह्यांनी पट्टा सोडला. मग दार उघडून उतरले. मला वाटलं, आता वर जातील, पाणी मागतील. ते बोनेटला हात टेकत गाडीला वळसा घालून पुढच्या दाराशी आले. राजरत्न अजून पुढच्या सीटवर होता. हे त्याच्याकडे बघत उभे राहिले. तो उतरला. हे बसले, पट्टा लावायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला, पण मला हात लावू दिला नाही.

"कागद तुझ्या नावावर आहेत. विकायची तर वीक," ते म्हणाले. "मी काही आता उतरणार नाही."

राजरत्नच्या हातातला मोबाईल वाजला. गिऱ्हाइकाचाच असणार, चार वाजता येऊ ना, असं विचारायला. तो वाजत राहिला. राजरत्न बापाकडे बघत होता, हे समोर रस्त्याकडे. मग त्याने फोन कट केला आणि वाकून ह्यांचं दार बाहेरून नीट लावलं.

मी किल्ली फिरवली.